सिंधुदुर्गाच्या फलकावर सिद्द्यांचंही नाव हवं

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई
यांस,



जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात आमचा सिंधुदुर्गही आला आणि आम्हा मालवणकरांचा ऊर भरून आला. आता किल्ल्यावर माणसांची रीघ वाढेल. नवे माहितीफलक, नव्या पुस्तिका निघतील. त्यांचा मजकूर पक्का होण्याआधी एक मागणी आपल्या कानी घालायची आहे. या किल्ल्यांच्या इतिहासात वावरलेली आफ्रिकी वंशाची माणसं तिथे नावानिशी यावीत.

जेट्टीवरून होडी सुटली की गोष्ट सुरू होते. कुरटे बेट, १६६४ सालची पायाभरणी, पायात ओतलेलं शिसं, मग दूधबाव, दहीबाव, साखरबाव. या गोष्टीत आफ्रिकी वंशाचा सिद्दी येतो तो जंजिऱ्यावरचा शत्रू म्हणून. ते खोटं नाही. जंजिरेकरांनी किनाऱ्यावर केलेली लूट आणि जुलूम झाकावेत, असं मी मुळीच म्हणत नाही. पण तेवढंच ऐकून घरी गेलेल्या पोराच्या मनात आफ्रिकी माणूस म्हणजे गनीम, एवढंच उरतं.

मग सिद्दी इब्राहिमचं काय करायचं? १६५९ साली शिवाजी महाराज अफझलखानाच्या भेटीला गेले, तेव्हा सोबतच्या मोजक्या अंगरक्षकांत तो होता. पुढच्याच वर्षी सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला. तो फोडायला नेताजी पालकरांबरोबर सिद्दी हिलाल धावून गेला, त्याचा मुलगा वाहवाह याला घेऊन. पोर लढाईत जखमी झालं आणि शत्रूच्या हाती लागलं. वेढा घालणारा सिद्दी आणि तो उठवायला पोटचा मुलगा पणाला लावणाराही सिद्दीच. पुढे मराठ्यांच्या आरमारातला सिद्दी मिस्री जंजिऱ्याच्या सिद्दी कासिमाशी लढला. माणसाची निष्ठा त्याच्या कातडीवरून ठरत नाही, हे आपल्याच इतिहासात इतकं उघड लिहिलेलं आहे. प्रतापगड आणि पन्हाळा दोन्ही त्या १२ किल्ल्यांत आहेत, म्हणून ही गोष्ट सांगायला जागाही शोधावी लागणार नाही.

त्याही आधीचा मलिक अंबर. इथिओपियात जन्मलेला, लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६१०मध्ये त्याने खडकी वसवली आणि नहरींनी तिथे पाणी खेळवलं. १६२४ला भातवडीच्या रणात शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. राजांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले.

हे झाले सरदार. ज्यांची नावं कुठल्याच बखरीत नाहीत, त्यांच्याविषयी मला जास्त बोलायचं आहे. तेरेखोलपलीकडच्या गोव्यात पोर्तुगीज जहाजांनी मोझांबिकहून माणसं आणली आणि बाजारात विकली. जी निसटली त्यांतली बरीच घाटाच्या रानात शिरली. त्यांचे वंशज आज उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड, अंकोला भागात राहतात. कुणी हिंदू, कुणी ख्रिस्ती, कुणी मुसलमान. पुष्कळांच्या घरात कोकणी बोलली जाते. तिथल्या बायका जुन्या साड्यांच्या तुकड्यांची कवंदी नावाची गोधडी शिवतात. टाके कडेपासून सुरू होतात आणि फिरत फिरत मधोमध येतात. चारी कोपऱ्यांवर कापडाची घडी घातलेली फुलं बसल्याशिवाय कवंदी पुरी झाली, असं त्या मानत नाहीत. आमच्या आज्यांनी शिवलेल्या गोधड्यांशेजारी ती मांडायला हवी.

या समाजाला कर्नाटकात अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला २००३ साली. त्यांच्यातले शांताराम सिद्दी विधान परिषदेवर गेले २०२०मध्ये. इतक्या पिढ्या इथल्या मातीत राबलेल्या माणसांना आजही रेल्वेत, बाजारात विचारलं जातं, "कुठल्या देशाचे?" २०१७मध्ये ग्रेटर नोएडात जमावाने आफ्रिकी विद्यार्थ्यांना मारलं, ते सगळ्या देशाने पाहिलं. आमच्या किनाऱ्यावर कुणी आफ्रिकी पाहुणा आला, तर न विचारता त्याच्यावर मोबाइल रोखणारे आणि शेरे मारणारे आपलेच लोक असतात. मला याची मनापासून लाज वाटते.

संयुक्त राष्ट्रांनी २०२५ ते २०३४ हे आफ्रिकी वंशाच्या लोकांसाठीचं दुसरं दशक जाहीर केलं आहे. महाराष्ट्राने त्यात आपला वाटा उचलावा. सिंधुदुर्ग केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे, याची मला कल्पना आहे. पण नामांकनासाठी राज्य आणि केंद्र खांद्याला खांदा लावून उभे राहिले, तसे फलकांसाठीही राहू शकतात. इब्राहिम, हिलाल, वाहवाह, मिस्री ही नावं मराठीत, ठळक अक्षरांत लिहा. गुलामांच्या व्यापाराची हकीकत आडपडदा न ठेवता सांगा. आणि मजकूर ठरवायला इतिहासकारांच्या जोडीला यल्लापूर-हल्याळच्या सिद्दी बायाबापड्यांनाही बोलवा. त्यांच्या राहण्याजेवणाचा खर्च शासनावर पडणार नाही. ती सोय आम्ही मालवणात घरोघरी करू.

आपला,
एक मालवणकर