नारासाठी एक दिवस

जपानच्या सहलींच्या अनेक कार्यक्रमपत्रिकांत नारा या नगरीच्या वाट्याला अर्धाच दिवस येतो. सकाळी क्योतो किंवा ओसाका सोडायचे, हरणांना बिस्किटे खाऊ घालायची, महाबुद्धाच्या मूर्तीसमोर छायाचित्र काढायचे आणि दुपारच्या जेवणाला परत यायचे, असा हा क्रम असतो. दुसऱ्या टोकाला काही उत्साही प्रवासी असतात. नारातील आठही जागतिक वारसास्थळे आणि शिवाय शेजारचे होर्युजी मंदिर एकाच दिवसात पाहण्याचा संकल्प ते सोडतात. मला या दोन्ही पद्धती सारख्याच सदोष वाटतात. नाराला पूर्ण एक दिवस द्यावा आणि त्या दिवसात तीनच ठिकाणे पाहावीत, असे माझे मत आहे. हे मत मांडताना मंदिरांच्या सौंदर्याचे वर्णन करण्यापेक्षा त्या मंदिरांमागे काय घडले हे सांगणे मला अधिक आवश्यक वाटते; कारण एखाद्या ठिकाणाला किती वेळ द्यावा हे त्या ठिकाणाच्या इतिहासावरूनच ठरते.

इसवी सन ७१० ते ७८४ या काळात, मधली काही वर्षे वगळता, नारा ही जपानची राजधानी होती. तेव्हा तिचे नाव हेइजो-क्यो असे होते. या वैभवाच्या काळावर एका मोठ्या आपत्तीची छाया आहे. ७३५ ते ७३७ या वर्षांत देवीच्या साथीने जपानमध्ये असंख्य माणसे मरण पावली. राज्यकारभाराची सूत्रे हाती असलेले फुजिवारा घराण्यातील चारही भाऊ ७३७ साली याच रोगाने गेले. त्यानंतर बंडाळीही झाली. अशा हादरलेल्या देशाला सावरण्यासाठी सम्राट शोमू याने ७४३ साली बुद्धाची प्रचंड मूर्ती घडवण्याची आज्ञा काढली. त्या आज्ञापत्रातील एक विचार लक्षात ठेवण्याजोगा आहे. ज्याला गवताची एक काडी किंवा मूठभर माती आणून या कामास हातभार लावावासा वाटेल, त्यालाही तसे करू द्यावे, अशा आशयाची सूचना त्यात होती. सामान्य लोकांत वावरणाऱ्या ग्योकी नावाच्या भिक्षूने गावोगावचे साहाय्य गोळा केले. शेकडो टन तांबे वितळवून सुमारे १५ मीटर उंचीची मूर्ती उभी राहिली.

या मूर्तीचा आपल्या देशाशी संबंध आहे, हे फार थोड्या भारतीय प्रवाशांना ठाऊक असते. ७५२ साली मूर्तीच्या नेत्रोन्मीलनाचा विधी झाला. मूर्तीच्या डोळ्यांत बुबुळे रेखाटून ती पूर्ण झाल्याचे जाहीर करण्याचा हा सोहळा होता. ही बुबुळे रेखाटण्याचा मान बोधिसेन या भारतीय भिक्षूला मिळाला. तो भारतातून चीनमार्गे ७३६ साली जपानमध्ये पोहोचला होता. त्याच्या हातातील कुंचल्याला लांबलचक दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्यांनी त्या धरल्या होत्या. रेखाटणाऱ्याच्या पुण्यात प्रत्येकाला वाटा मिळावा हा त्यामागील हेतू. तो कुंचला आणि ती निळी दोरी शोसोइनच्या संग्रहात आजवर जपून ठेवलेली आहे. महाबुद्धासमोर उभे राहून दोन मिनिटांत निघून जाणारा प्रवासी पाहतो ती धातूची एक मोठी आकृती. हा इतिहास जाणणारा प्रवासी त्याच जागी अर्धा तास थांबतो आणि तो अर्धा तास त्याला अपुरा वाटतो.

या मूर्तीची आणि तिच्या मंदिराची पुढची कथाही अशीच सावकाश समजून घ्यावी लागते. तोदाइजी मंदिरातील महाबुद्धाचे भव्य सभागृह ११८० साली युद्धात जळाले. ते पुन्हा बांधले गेले आणि १५६७ साली पुन्हा युद्धातच जळाले. आज आपण पाहतो ते सभागृह १७०९ साली पूर्ण झाले. त्याची दर्शनी रुंदी सुमारे ५७ मीटर आहे आणि ती मूळ वास्तूच्या रुंदीच्या केवळ दोनतृतीयांश आहे. मूर्तीचे मस्तकही सतराव्या शतकाच्या अखेरीस नव्याने ओतलेले आहे. कमलासनाच्या काही पाकळ्या मात्र आठव्या शतकातील आहेत. म्हणजे या एकाच आसनावर नऊशेहून अधिक वर्षांच्या अंतराने काम केलेल्या कारागिरांचे हात एकत्र आले आहेत. तेथे जाण्याच्या वाटेवर असलेला दक्षिण महाद्वाराचा भाग ११९९ साली पुन्हा उभारला गेला. त्या द्वारातील दोन लाकडी द्वारपाल उनकेइ, काइकेइ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२०३ साली घडवले. आठ मीटरहून उंच असे हे पुतळे अवघ्या ६९ दिवसांत पूर्ण झाले. बहुतेक लोक महाबुद्धाच्या ओढीने या द्वाराखालून मान वर न करताच पुढे जातात.

आता दिवसाच्या प्रत्यक्ष आखणीकडे वळू. क्योतोहून नारा आगगाडीने साधारण पाऊण तासावर आहे. नारात दोन मुख्य स्थानके आहेत. त्यांपैकी किंतेत्सु कंपनीचे स्थानक मंदिरांना अधिक जवळ पडते. तेथून तोदाइजी सुमारे वीस मिनिटांच्या चालीवर आहे. पहिले ठिकाण तोदाइजीच असावे आणि तेथे सकाळी लवकर पोहोचावे. महाबुद्धाचे सभागृह उन्हाळ्याच्या मोसमात साडेसात वाजता आणि हिवाळ्यात आठ वाजता उघडते. सहलींच्या मोठ्या गाड्या येऊ लागण्यापूर्वीचा हा वेळ सर्वांत शांत असतो. दुसरे ठिकाण कासुगा ताइशा हे शिंतो देवस्थान. ते ७६८ साली स्थापन झाले. जंगलातून जाणाऱ्या त्याच्या वाटेवर आणि आवारात दगडाचे व धातूचे मिळून सुमारे तीन हजार दीप आहेत. दुपारचा वेळ या झाडीत घालवावा. तिसरे ठिकाण पुन्हा तोदाइजीच्याच परिसरात, पण टेकडीच्या उतारावर आहे. ते म्हणजे निगात्सुदो. या मंदिराचा सज्जा पश्चिमेकडे उघडतो. तेथे प्रवेशमूल्य नाही आणि संध्याकाळी द्वार बंद होण्याची घाईही नाही. सकाळी ज्या सभागृहात आपण मान वर करून उभे होतो, त्याचेच छप्पर मावळतीच्या उजेडात खाली दिसते. तिन्ही ठिकाणे पायी फिरण्याजोग्या अंतरावर असल्याने वाहन शोधण्यात वेळ जात नाही.

काय वगळावे हेही तितक्याच स्पष्टपणे ठरवले पाहिजे. माझ्या यादीतून वगळलेले पहिले नाव होर्युजीचे आहे आणि ते वगळताना मला सर्वाधिक खेद होतो. जगातील सर्वांत जुन्या लाकडी इमारती तेथे उभ्या आहेत. तेथील सुवर्णमंदिरातील भित्तिचित्रांची तुलना अभ्यासक आपल्या महाराष्ट्रातील अजिंठ्याच्या चित्रांशी करत आले आहेत. १९४९ साली लागलेल्या आगीत त्या चित्रांची अपरिमित हानी झाली. त्या धक्क्यातून जपानने १९५० साली सांस्कृतिक ठेव्याच्या संरक्षणाचा कायदा केला. एवढे महत्त्वाचे स्थळ असूनही मी ते वगळतो, कारण ते नारा नगरीपासून बाराएक किलोमीटरवर आहे आणि त्याला स्वतःचा अर्धा दिवस तरी हवा. त्याला उरलेला एक तास देणे हा त्याचा अनादर होईल. चीनहून आलेल्या गांजिन या भिक्षूने ७५९ साली स्थापलेले तोशोदाइजी हे मंदिरही याच न्यायाने दुसऱ्या भेटीसाठी राखून ठेवावे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. सामान्य माणूस जपानला आयुष्यात एकदाच जातो. बरीच वर्षे साठवलेला पैसा त्यात खर्च होतो. पुन्हा येऊ असे म्हणणे श्रीमंतांना शोभते. इतरांनी मिळेल तेवढे पाहून का घेऊ नये? या युक्तिवादातील व्यथा खरी आहे. तरीही त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. ज्याला एकदाच जायचे आहे, त्याच्याजवळ परतल्यावर उरणार आहे ती केवळ आठवण. आठ मंदिरे धावत पाहिली तर आठवड्याभरात त्यांची छपरे आणि मूर्ती एकमेकांत मिसळून जातात आणि छायाचित्रे पाहताना हे कोणते मंदिर, असा प्रश्न पडतो. तीन ठिकाणे समजून पाहिली तर ती घरच्यांना सांगता येतात. खर्चाचा मोबदला मोजायचाच असेल तर तो असा मोजावा.

थोडे पाहायचे ठरवले की पूर्वतयारी मात्र अधिक काळजीपूर्वक करावी लागते. कारण तीनांपैकी एक ठिकाण चुकले तर दिवसाचा मोठा भाग वाया जातो. कोफुकुजी मंदिराचा पाच मजली मनोरा नाराच्या असंख्य चित्रांत दिसतो. पण २०२३ साली त्याच्या मोठ्या दुरुस्तीचे काम सुरू झाले आणि त्यासाठी तो आच्छादण्यात आला. हे काम अनेक वर्षांचे आहे. हे ठाऊक नसलेला प्रवासी विनाकारण निराश होतो. कासुगाचे सर्व दीप वर्षातून दोनदाच, फेब्रुवारीच्या आरंभी आणि ऑगस्टच्या मध्यास, उजळले जातात. निगात्सुदोमध्ये १ ते १४ मार्च या काळात मशालींचा प्राचीन विधी होतो. ७५२ पासून तो एकदाही खंडित झालेला नाही. त्या दिवसांत तेथे अलोट गर्दी असते, म्हणून शांतता हवी असणाऱ्याने ते दिवस टाळावेत आणि विधी पाहायचा असणाऱ्याने नेमके तेच निवडावेत. शोसोइनमधील निवडक वस्तू शरद ऋतूत थोडेच दिवस राष्ट्रीय संग्रहालयात मांडल्या जातात. शाकाहारी प्रवाशांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जपानी आमटीत व रस्स्यात बहुधा माशांचा अर्क असतो; तेव्हा दिवसभर पुरेल असा कोरडा शिधा जवळ असणे बरे.

अखेरचा मुद्दा आपल्या सोयीचा नसून नाराच्या हिताचा आहे. तेथील उद्यानात बाराशेहून अधिक हरणे मोकळी फिरतात. कासुगाचा देव शुभ्र हरणावर बसून आला अशी श्रद्धा असल्याने ती शतकानुशतके पवित्र मानली गेली आहेत. १९५७ साली त्यांना राष्ट्रीय नैसर्गिक ठेव्याचा दर्जा मिळाला. तांदळाच्या कोंड्यापासून बनवलेली खास बिस्किटेच त्यांना द्यावीत असा नियम आहे आणि त्या विक्रीतून हरणांच्या संरक्षणाला निधी मिळतो. तरीही २०१९ साली मेलेल्या काही हरणांच्या पोटात प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे गोळे आढळले. त्यांपैकी एक गोळा चार किलोंहून अधिक वजनाचा होता. ही हरणे कुणी जाणूनबुजून मारली नव्हती. अन्नाचा वास लागलेली पिशवी खिशात कोंबण्याऐवजी कुणीतरी ती खाली पडू दिली होती. घाई आणि बेपर्वाई यांचे नाते किती जवळचे असते हे यावरून कळते. ज्याच्या कार्यक्रमात श्वास घेण्यास जागा आहे, तोच आपला कचरा पिशवीत भरून परत नेतो, गाभाऱ्यापाशी आवाज खाली ठेवतो आणि प्रार्थना करणाऱ्याच्या आड येत नाही.

नारा हे प्रदर्शन नाही. सुमारे साडेतीन लाख लोकांचे ते राहते शहर आहे. त्याची मंदिरे दोनदा जळूनही उभी राहिली, ती गवताच्या काडीइतकी मदत करणाऱ्या अनेकांच्या श्रमांमुळे. अशा ठिकाणी एका दिवसासाठी येणाऱ्या पाहुण्याकडून फार मोठी अपेक्षा कुणी करत नाही. त्याने लवकर यावे, थोडे पाहावे, पाहिलेले समजून घ्यावे आणि जागा आली होती तशी सोडून जावे, एवढेच पुरे आहे. एका दिवसाची आखणी करताना हातात घेतलेल्या कागदावर प्रथम वगळायची नावे लिहावीत. उरलेली नावे तीनच असतील, तर तो कागद योग्य रीतीने लिहिला गेला असे समजावे.