पक्षी पाहायचे तर मनोरा नको, माळा हवा



नाथसागराच्या काठी पक्षी पाहण्यासाठी एक निरीक्षण मनोरा व्हावा व त्यास कारखान्याने हातभार लावावा, अशी सूचना आपल्या काही तरुण सभासदांकडून आली आहे. सूचना चांगली आहे. पण मनोरा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सिमेंटचे चार खांब, वर स्लॅब आणि दर्शनी बाजूस कोनशिला उभी राहते. माझे स्पष्ट मत असे की, तसला मनोरा बांधण्यापेक्षा न बांधलेला बरा. बांधायचाच तर तो लाकडाचा, बुटका आणि सुटा करून हलवता येईल असा बांधावा.

याचे कारण जागेतच आहे. जायकवाडी धरण १९७६ साली पुरे झाले आणि १९८६ साली हा जलाशय पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. भरल्यावर पाण्याचा पसारा सुमारे ३५० चौरस किलोमीटर, पण खोली बेताची. म्हणूनच उथळ पाण्यात आणि चिखलात चरणाऱ्या पाखरांना तो मानवतो. रोहित, चक्रवाक, करकोचे, हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंस, हे सगळे हिवाळ्यात येतात. त्यांचा हंगाम आणि आपला गळीत हंगाम एकाच वेळी चालतो म्हणा ना!

आता पातळी बघा. धरण १५२२ फुटांना भरते तेव्हा काठ एका ठिकाणी असतो. पाणी उतरू लागले की तोच काठ लांब सरकतो आणि मागे गाळपेर होते. काठावर पक्का मनोरा बांधला तर फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यावरून पाखरे नव्हे, कोरडा गाळ दिसणार. खाली बांधला तर पावसाळ्यात बुडणार. पाणी हलते, पाखरू हलते, मग आपले बांधकामच तेवढे जागचे न हलणारे कशाला?

शेतकऱ्याला ही गोष्ट नवी नाही. ज्वारी राखायला आपण वर्षानुवर्षे माळा घालत आलो. चार मेढी, वर आडवी लाकडे, त्यावर पेंढा. हंगाम संपला की सोडला. फरक इतकाच की त्या माळ्यावर गोफण घेऊन चढायचे, या माळ्यावर दुर्बीण घेऊन. आणि राखणीचा माळा पाखराला दिसावा लागतो. हा मात्र दिसता कामा नये. म्हणून उंची जमिनीपासून पाच-सहा फूट पुरे. तिन्ही बाजूंनी कूड, पुढे आडव्या फटी. एक मोठ्यांच्या नजरेला, एक शाळकरी पोरांच्या. येण्याच्या वाटेलाही दोन्हीकडून तुराट्यांचा आडोसा. आपली बाजू जलाशयाच्या दक्षिणेची, म्हणजे तोंड आपसूक उत्तरेला येते आणि हिवाळ्यातला सूर्य पाठीशी राहतो. डोळे दिपत नाहीत.

लाकडासाठी बाहेर जायचे कारण नाही. गाडीची चाके, नांगर, कुळव ज्या बाभळीचे होत, तीच खांबांना घ्यावी. जुने सुतार बाभळीचे ओंडके काही महिने पाण्यात मुरवून मग सावलीत वाळवत. त्याने कीड कमी लागते. तुळयांना निलगिरी किंवा सुरू चालेल. (आपला सुरू ऊस नव्हे, सुरूचे झाड!) छपराला पाचट. पाचट जाळू नका, खोडव्यात ठेवा, हे मी नेहमी सांगतो. पण दोन गाड्या छपराला दिल्या तर खोडव्याचे काही बिघडत नाही. तोडलेल्या प्रत्येक झाडामागे दोन लावावीत आणि तोडीपूर्वी परवानगीची चौकशी करावी.

लाकूड कुजते ते ओल आणि सुकेपणा आलटून पालटून येतो तिथे, म्हणजे जमिनीलगत. म्हणून खांब मातीत पुरू नये. काळी जमीन फुगते आणि भेगाळते, त्यात खांब कलतात. मुरूम लागेपर्यंत खणून दगडी बैठक करावी, तीवर लोखंडी बूट आणि त्यात खांब, मातीपासून वीतभर वर. जोड नट-बोल्टचे ठेवावेत, म्हणजे खराब झाले तेवढेच लाकूड बदलता येते. जळके ऑईल कोणी सुचवील, तर हात जोडून नाही म्हणा. ते पावसाबरोबर पाण्यात उतरते. सोमलयुक्त औषधे तर नकोतच. वर जवसाचे तेल पुरे.

हे मागासलेपण नव्हे. नेदरलँड्समध्ये हारिंगव्लीटच्या काठी २०१९ साली पक्षी पाहण्यासाठी असेच एक घर उभे राहिले. आकार सुरय पक्ष्याच्या अंड्याचा, सांगाडा लाकडाचा, छप्पर तिथल्याच बोरूचे, आणि सगळे सुटे करता येणारे. पैसा असलेला देश बोरूने शाकारतो, मग आपल्याला पाचटाची लाज का?

काही सभासद विचारतील, पाखरांचा आणि उसाचा काय संबंध? नांगराच्या मागे बगळे, मैना, कावळे का चालतात ते आठवा. हुमणीच्या अळ्या ते फुकट वेचतात. औषधाचे बिल आपल्याला येते, पाखराचे कधी येत नाही.

खरी अडचण बांधण्याची नाही, सांभाळण्याची आहे. उद्‌घाटनाला गर्दी होते, दुसऱ्या वर्षी फळी निखळली की कोणी फिरकत नाही. म्हणून तीन गोष्टी आधी ठराव्यात. वनखाते व जलसंपदा खात्याची लेखी परवानगी. दर दसऱ्यापूर्वी तेल, बोल्ट आणि छपराच्या डागडुजीची तरतूद. आणि राखणीचे काम धरणात जमीन गेलेल्या कुटुंबातील मुलांना. गाळपेर करणाऱ्यांची वाट माळ्याने अडता कामा नये, हेही त्यात लिहावे. ज्यांची घरे पाण्याखाली गेली, त्यांना त्या काठावरून पहिली रोजी मिळावी, हे न्यायाचे आहे.

या तिन्हींचा ठराव होत नसेल तर माळाही बांधू नये. होत असेल तर बाभळी आपल्या बांधावर आहेत, सुतार आपल्या गावात आहेत. सभासदांनी आपले मत गट ऑफिसात लेखी कळवावे.

— ऊस विकास अधिकारी