धुराड्यांतून न येणारें विष

नाशिकरोडहून एकलहऱ्याकडे निघालें म्हणजे औष्णिक वीजकेंद्राचीं धुराडीं दुरूनच दृष्टीस पडतात. येथील १४० मेगावॅटचे पहिले दोन संच आतां निवृत्त झाले आहेत. २१० मेगावॅटचे तीन संच १९७९ ते १९८१ या काळांत उभे राहिले. दूषित हवेची गोष्ट निघाली कीं प्रत्येकाचें बोट या धुराड्यांकडे वळतें. राख आणि धूर यांच्यापुरतें तें योग्यच आहे. परंतु आज ज्या वायूविषयीं आम्हांस लिहावयाचें आहे, तो ओझोन कोणत्याहि धुराड्यांतून बाहेर पडत नाहीं. तो वाटेंत, उन्हांत तयार होतो.

ओझोनचें नांव वाचकांनीं बहुधा चांगल्या अर्थानेंच ऐकलें असेल. एकोणिसाव्या शतकांत युरोपांतील वैद्य समुद्रकाठच्या हवेंतील ओझोनची थोरवी गात असत. सुमारें २० ते ३० किलोमीटर उंचीवरील त्याचा थर सूर्याच्या दाहक किरणांपासून आपलें रक्षण करितो, हेंहि खरें. मात्र तोच वायु श्वासावाटे आंत गेला म्हणजे घसा खवखवतो, छाती दुखते व दमेकऱ्यांस धाप लागते. घरावरचें कौल घरावरच शोभतें. तें पानांत पडून चालत नाहीं.

हा वायु जमिनीलगत कसा उत्पन्न होतो, तें आमच्या भगिनींना दह्याच्या उदाहरणानें सहज कळेल. दूध, विरजण आणि ऊब यांचा योग यावा लागतो. येथें दुधाच्या जागीं पेट्रोल, रंग, वार्निश यांच्या वाफा व अर्धवट जळलेल्या लाकूडपाल्याचे वायु आहेत. विरजणाच्या जागीं मोटारींच्या व वीजकेंद्राच्या प्रखर ज्वलनांत निर्माण होणारीं नायट्रोजनचीं ऑक्साइडें. आणि ऊब म्हणजे आपलें चैत्र-वैशाखाचें ऊन. म्हणूनच भर दुपारीं ओझोन वाढतो आणि पावसाळ्यांत ओसरतो.

आतां एक नवल पाहा. वाहनांनीं गजबजलेल्या चौकांत ओझोन पुष्कळदां कमीच आढळतो. कारण ताजा नायट्रिक ऑक्साइड त्यास गिळून टाकतो. वारा तीच हवा गांवाबाहेर नेतो, तेव्हां कांहीं तासांनीं ओझोन भरास येतो, आणि खेड्यांत त्यास गिळणारें फारसें कांहीं नसतें. पश्चिमेचा वारा असला म्हणजे नाशिकची हवा एकलहऱ्यावरून निफाडच्या द्राक्षमळ्यांकडे जाते. शहराचें ऋण असें खेड्याच्या खातीं पडतें.

हें ऋण लहान नाहीं. ओझोनमुळें द्राक्षवेलीच्या पानांवर बारीक काळसर ठिपके पडतात, हें कॅलिफोर्नियांत १९५८ सालींच नोंदलें गेलें. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणें, २००५ सालीं देशांत सुमारें ३५ लाख टन गहूं व २१ लाख टन तांदूळ या वायूमुळें बुडाला. २००९ सालच्या राष्ट्रीय मानकानें आठ तासांच्या सरासरीस दर घनमीटरास १०० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली आहे. पण मर्यादा कागदावर घालून वारा थांबत नाहीं.

नाकास रुमाल बांधून हा वायु अडत नाहीं, तेव्हां उपाय उगमाशींच केला पाहिजे. वीजकेंद्रानें व मोटारकारखान्यांनीं आपलें कर्तव्य करावें, ही मागणी आम्ही करितोंच. परंतु अंगणांतील पाचोळा पेटविणें, हांकेच्या अंतरावर जाण्यास गाडी काढणें, रिकाम्या खोलींत दिवे व पंखे चालूं ठेवणें, हें कोणा कारखान्याचें काम नव्हे. पाचोळा खड्ड्यांत कुजवावा, त्याचें उत्तम खत होतें. कडक उन्हाळ्यांत मुलांचे धांवण्याचे खेळ दुपारऐवजीं सकाळीं ठेवावेत व घरांतील दमेकरी वडीलधाऱ्यांनीं दुपारचे श्रम टाळावेत. एकलहऱ्याच्या धुराड्याकडे बोट दाखवितांना आपल्या घरांतला धूर कोणाच्या मळ्यावर उतरतो, याचा विचार प्रत्येक कुटुंबानें एकदां अवश्य करावा.