इंग्लंडच्या प्रवासाला सूत्र हवे

5 जुलै 1841 रोजी थॉमस कुक यांनी लेस्टरहून लफबरो येथील मद्यपाननिषेधाच्या सभेला सुमारे 500 माणसे माणशी एक शिलिंग घेऊन आगगाडीने नेली, आणि ठरलेल्या दरात, आखून दिलेल्या कार्यक्रमाप्रमाणे, समूहाने प्रवास करण्याची जी प्रथा आज जगभर रूढ आहे तिचा पाया इंग्लंडच्याच भूमीत घातला गेला. सामान्य गृहस्थाला परदेशाचे दर्शन या प्रथेमुळेच सुलभ झाले, हे तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु आयुष्यभराच्या बचतीतून इंग्लंडला निघणाऱ्या मराठी कुटुंबांच्या हाती जे कार्यक्रमपत्रक पडते, त्यात सकाळी ऑक्सफर्ड, दुपारी स्ट्रॅटफर्ड, सायंकाळी कॉट्सवोल्डमधील एखादे खेडे आणि दुसऱ्या दिवशी स्टोनहेंज व बाथ, अशी जी धावपळ मांडलेली असते, तिच्यातून त्या देशाचा इतिहास मनात ठसणे अशक्य आहे. स्थळांची संख्या निम्मी करावी, मुख्य मुक्काम दोनच ठेवावेत, आणि नगरे व ग्रामप्रदेश यांना जोडणारे एक ऐतिहासिक सूत्र निश्चित केल्यावरच तिकिटे काढावीत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

असे एक सूत्र म्हणजे लोकर. मध्ययुगीन इंग्लंडच्या संपत्तीचा मोठा भाग मेंढ्यांच्या पाठीवर वाढत होता, आणि या वैभवाची खूण म्हणून हाउस ऑफ लॉर्ड्सच्या अध्यक्षाचे आसन आजही लोकरीनेच भरलेले असते. हे सूत्र हाती धरून उत्तरेत यॉर्क आणि दक्षिणेत ऑक्सफर्ड असे दोन मुक्काम केले, तर देवालये, मठ, व्यापाऱ्यांच्या वास्तू आणि खेडी ही सर्व एकाच कथेची प्रकरणे आहेत, याचा प्रत्यय पावलोपावली येतो.

लंडनहून रेल्वेने सुमारे दोन तासांवर असलेले यॉर्क हे इसवी सन 71 मध्ये रोमनांनी वसविले. 306 साली कॉन्स्टंटाइनला सैन्याने सम्राट म्हणून घोषित केले ते याच ठिकाणी. पुढे 866 साली ते व्हायकिंगांच्या हाती गेले. यॉर्कमधील ज्या महामंदिराचे आजचे गॉथिक रूप 1220 पासून 1472 पर्यंत, म्हणजे कित्येक पिढ्यांच्या श्रमांतून, साकारले, त्याच्या अंतर्भागात पाऊण तास घालवून समाधान मानणे हा त्या पिढ्यांवर अन्याय आहे. तेथील सायंप्रार्थनेला प्रवेशशुल्क लागत नाही. गायकवृंदाचे स्वर त्या उंच छतापर्यंत चढताना ऐकल्यावाचून त्या वास्तूचे प्रयोजन पुरते उमगत नाही. जवळच 1357 साली बांधावयास घेतलेले व्यापारी संघाचे सभागृह आहे, आणि नदीकाठच्या उद्यानात सेंट मेरी मठाचे भग्नावशेष आहेत. याच मठातून बाहेर पडलेल्या 13 संन्याशांनी 1132 साली रिपनजवळ फाउंटन्स मठ स्थापिला, लोकरीच्या उत्पन्नावर तो कमालीचा धनाढ्य झाला, आणि आठव्या हेन्रीच्या अमलात मठांची मालमत्ता खालसा होऊ लागली तेव्हा 1539 साली त्याचाही शेवट झाला. शहरातला मठ एके दिवशी आणि दरीतला मठ दुसऱ्या दिवशी पाहणाऱ्यास, धर्म, व्यापार व राजसत्ता यांचा परस्परसंबंध निराळा समजावून सांगावा लागणार नाही.

दक्षिणेतील मुक्कामी ऑक्सफर्डमध्ये मराठी मुलखातून गेलेल्या वाचकाने सॉमरव्हिल महाविद्यालयाच्या दाराशी अवश्य थांबावे. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्यात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी याच महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी म्हणून 1892 साली ऑक्सफर्ड विद्यापीठाची कायद्याची परीक्षा दिली, परंतु स्त्रियांना पदवी देण्याची तरतूद तेथे 1920 पर्यंत नव्हती. येथून आगगाडीने मॉर्टन-इन-मार्शला जाऊन पुढे बसने चिपिंग कॅम्डन गाठले, की विल्यम ग्रेव्हल यांच्यासारख्या लोकरीच्या व्यापाऱ्यांच्या धनातून वैभवास चढलेले गाव आणि त्याचे भव्य चर्च दृष्टीस पडते. मॉर्टनजवळच सेझिंकोट हे घुमटधारी, मुघल शैलीचे निवासस्थान आहे. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत राहिलेल्या चार्ल्स कॉकरेल यांच्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उभारले गेले. तेथे पोहोचताच लोकरीच्या सूत्राला दुसरे, आपल्या इतिहासाशी निगडित असलेले सूत्र येऊन मिळते, आणि त्या सुंदर प्रदेशातील सर्वच संपत्ती त्याच मातीतून उगवलेली नव्हती, हे भारतीय प्रवाशाने तेथेच उभे राहून विचारात घेतले पाहिजे.

ग्रामप्रदेश मात्र पायीच पाहावा. इंग्लंडमध्ये खाजगी शेतांतून जाणाऱ्या पायवाटांवर सर्वसामान्यांचा वहिवाटीचा हक्क आहे, आणि 1949 च्या कायद्याने अशा वाटांची नकाशांवर अधिकृत नोंद करण्याचे बंधन स्थानिक प्रशासनावर घातले. चिपिंग कॅम्डनपासून बाथपर्यंतची 164 किलोमीटरची कॉट्सवोल्ड वाट सबंध चालण्याचे कारण नाही. तिच्यावरील दोन-तीन तासांची एक मजल, वाटेतील प्रत्येक फाटक आपल्यामागे बंद करीत केली, तरी पुष्कळ होते.

आयुष्यात एकदाच जाणे होणार, तेव्हा सर्व काही पाहून घ्यावे, असा युक्तिवाद यावर केला जाईल. त्यामागील भावना मी जाणतो; किंबहुना एकदाच जावयाचे असल्यामुळेच निवड अधिक कठोर असावी, असे मला वाटते. वृद्ध आईवडील बरोबर असता सामानाची व जेवणाची चिंता वाहणारी सहल सोयीची ठरते, हेही खरे. परंतु अशा कुटुंबांनीही आयोजकांकडे कमी स्थळांच्या आणि दीर्घ मुक्कामांच्या सहलींची मागणी करावी, कारण मागणी झाल्याखेरीज अशी तजवीज कोणी करणार नाही. स्वतंत्रपणे जाणाऱ्यांनी आगाऊ तिकिटे काढल्यास रेल्वेचा खर्च बहुधा पुष्कळ कमी होतो. खेड्यांतील बसगाड्या विरळ असतात व रविवारी कित्येक मार्गांवर मुळीच नसतात. सेझिंकोटसारखी स्थळे ठरावीक दिवशीच उघडी असतात, तेव्हा त्या वारांभोवतीच उरलेला कार्यक्रम बसवावा. आपल्या शाळांच्या सुट्टीतील मे महिना यास सर्वस्वी अनुकूल आहे, कारण त्या दिवसांत तेथे रात्री नऊच्या सुमारापर्यंत उजेड रेंगाळतो. ज्या कुटुंबाने निघण्यापूर्वी महिनाभर नकाशा व इतिहास समोर ठेवून मुलांसह अशी मसलत केली, त्याचा प्रवास विमानात पाऊल ठेवण्याआधीच सुरू झालेला असतो, आणि अशा पूर्वतयारीला कोणतेही छापील कार्यक्रमपत्रक पर्याय होऊ शकत नाही.