कुलूपबंद कायदे



पेण-रोह्याकडे ना कापूस, ना ज्वारी. तिथे भात आणि खारजमीन. तरी जमिनीचा कज्जा निघाला की तिथला शेतकरी आणि आपण कोरडवाहूवाले एकाच दारात उभे असतो.

पेण तालुक्यातले गागोदे हे विनोबांचे जन्मगाव. 18 एप्रिल 1951 ला पोचमपल्लीत त्यांना मागून पहिले भूदान मिळाले. बरोबर दोन महिन्यांनी, 18 जूनला, पहिली घटनादुरुस्ती अमलात आली. रोह्याचे चिंतामणराव देशमुख तेव्हा अर्थमंत्री होते. पहिली सार्वत्रिक निवडणूक अजून व्हायची होती. या दुरुस्तीने घटनेला नववे परिशिष्ट जोडले. त्यात घातलेला कायदा मूलभूत हक्क मोडतो म्हणून कोर्टाने रद्द करायचा नाही, अशी तजवीज.

सुरुवातीच्या तेरा कायद्यांत मुंबईचा 1948 चा कूळकायदा होता. कसणाऱ्याला जमीन मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार पुढच्या भरतीबद्दल आहे. 1964 ला आपला सीलिंग कायदा आत गेला, आणीबाणीत 1976 ला आवश्यक वस्तू कायदा. ज्याने ज्वारीची लेव्ही भरली त्याला तो समजावून सांगायला नको. यादी 284 वर गेली. मी शेतकी कॉलेजात माती तपासायला शिकलो. कायदा तपासायचा असतो हे आंदोलनात कळले.

इंग्लंडात घटना एकत्र लिहून काढावी का, यावर अजून वाद चालतो. आपण लिहिली. पण लिहिलेले सरकारला ऐकवणारा न्यायाधीश मोकळा हवा. 24 एप्रिल 1973 ला केशवानंद खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणाले, घटनेचा गाभा संसदेलाही मोडता येणार नाही. लगेच तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून चौथ्याला सरन्यायाधीश केले. तिघांनी राजीनामे दिले. 2007 ला नऊ न्यायमूर्तींनी ठरवले की त्या तारखेनंतर परिशिष्टात घातलेले कायदे तपासता येतील. म्हणजे आवश्यक वस्तू कायद्याचे दार किलकिले झाले. मूळ सीलिंग कायदा त्याआधीचा, त्याचे कुलूप तसेच.

आता पेणचे पाहा. 21 सप्टेंबर 2008 ला तिथल्या 22 गावांनी महामुंबई सेझवर मतदान केले. त्या मताला कायद्याचे बळ नव्हते. भूसंपादन 2009 ला बारगळले ते कायद्यातल्या एका कलमाने : जाहीरनाम्यापासून दोन वर्षांत निवाडा झाला नाही तर सगळी कारवाई रद्द. गावांनी मोजणी अडवून, मोर्चे काढून वेळ खाल्ला; कलमाने बाकीचे केले. ते कलम कोर्टापुढे ठेवता येत होते, म्हणून सरकारलाही मानावे लागले.

नववे परिशिष्ट रद्द करा, हा ठराव बैठकीपुढे येईल. येताना सातबारा आणि सीलिंगच्या जुन्या नोटिसा घेऊन या.