साप पाळण्याची हौस आणि जबाबदारी

आफ्रिकेतला बॉल पायथन अमेरिकेत हौसेने पाळला जातो. पिल्लू जेमतेम हातभर लांब असते, पण झपाट्याने वाढते आणि साधारण महिना-दीड महिन्याला कात टाकते.

आधी रंग फिका पडतो, डोळे दुधाळ निळे होतात. नीट दिसत नसल्याने ते बिथरते. त्या दिवसांत त्याला हाताळू नये. मग डोळे निवळतात आणि काही दिवसांत नाकाडापासून सुटलेली अख्खी कात मोज्यासारखी उलटी होऊन निघते. हवा कोरडी असेल तर तिचे तुकडे होतात. सापाला पापण्या नसतात. त्यांच्या जागी असलेला डोळ्यावरचा पारदर्शक खवला कातेबरोबर न निघता अडकला आणि तो नखाने ओढला, तर डोळाच जायबंदी होतो.

ही जबाबदारी काही दशकांची आहे. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या मादीने २०२० मध्ये साठी ओलांडल्यावर अंडी घातली!

आपल्याकडे देशी साप पाळणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथनचीही नोंदणी सक्तीची आहे. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये बिस्किटांच्या पुड्यांत दडवलेले असे साप मुंबईत पकडले गेले. ही तस्करी गिऱ्हाइकांमुळेच चालते. म्हणून किंमत विचारण्याआधी कागदपत्रे मागावीत, सापांवर उपचार करणारा पशुवैद्य गावात आहे का ते पाहावे. नसेल, तर हा नाद सोडावा.