फळ्यांच्या भिंतीपुढची स्त्री

१९३६ च्या उन्हाळ्यात वॉकर इव्हान्स यांनी अमेरिकेतील अलाबामा राज्यात बटाईने कापूस पिकविणाऱ्या एका शेतकऱ्याच्या पत्नीचे छायाचित्र घेतले. अशा चित्रातील प्रकाश आणि पोत वाखाणणे म्हणजे दारिद्र्याचा शृंगार मांडणे होय, असा आक्षेप घेतला जातो. त्यामागील सद्भावना मान्य करूनही येथे तो लागू पडत नाही, असेच म्हणावे लागेल.

इव्हान्स यांचा कॅमेरा अवजड होता. त्याची फिल्म ८ बाय १० इंचांची, म्हणजे नेहमीच्या ३५ मिलिमीटर चौकटीच्या सुमारे ६० पट. प्रकाश सौम्य, सर्वत्र सारखा; नाट्यमय छाया कोठेही नाही. म्हणूनच पाठीमागच्या रंग न लागलेल्या फळ्यांवरची रेषा न् रेषा उमटली आहे, आणि तितक्याच स्पष्टपणे त्या स्त्रीच्या कपाळावरच्या आठ्या व घट्ट मिटलेले ओठही. लाकूड आणि चेहरा यांनी सोसलेले एकाच नजरेत दिसते. येथे पोत हा अलंकार नव्हे, पुरावा आहे. १९४१ साली जेम्स एजी यांच्या मजकुरासह हे चित्र पुस्तकात आले, तेव्हा त्याखाली एक ओळही छापलेली नव्हती!

आज मात्र जुनी छायाचित्रे यंत्राकरवी रंगवून, गुळगुळीत करून सर्वत्र फिरविली जातात. हौस समजण्यासारखी आहे. पण त्या सफाईत आधी सुरकुती जाते, मग फळीवरचा खिळा. उरते ती कोणा देखण्या बाईची तसबीर. वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयाने जपलेली मूळ प्रतिमा कोणालाही विनामूल्य पाहता येते. इतिहासाच्या शिक्षकांनी वर्गात तीच दाखवावी.